भयप्रसंगी शरीर, मन आणि स्मरण

श्रीमद्भगवद्गीतेचा पहिला अध्याय बहुतेक वाचक घाईने ओलांडतात. दोन्ही सैन्यांतील वीरांची नावे झाली, शंखांची नावे झाली, की दृष्टी दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी जाऊन पोहोचते. कारण ब्रह्मविद्येचे निरूपण तेथून सुरू होते अशी समजूत असते. परंतु पहिल्या अध्यायाच्या 28 ते 30 या तीन श्लोकांत जे सांगितले आहे, ते सोडून पुढे गेल्यास पुढील सतरा अध्याय कोणत्या जीवाला उद्देशून सांगितले गेले हेच ध्यानात येत नाही. तेथे अर्जुन आपल्या देहाचे वर्णन करतो. गात्रे गळत आहेत, तोंड कोरडे पडले आहे, अंग कापत आहे, रोम उभे राहिले आहेत, हातातील गांडीव निसटत आहे, त्वचेचा दाह होत आहे, पायांवर उभे राहवत नाही आणि मन जणू गरगर फिरत आहे. सर्वांत शेवटी तो म्हणतो की, त्याला विपरीत शकुन दिसू लागले आहेत.

हा क्रम विचार करण्याजोगा आहे. प्रथम आप्तांचे दर्शन, मग शरीराची अवस्था, मग मनाची भ्रांती, मग अपशकुन, आणि त्यानंतर कुळक्षय, वर्णसंकर, पितरांचे पतन इत्यादी युक्तिवाद. अर्जुनाच्या युक्तिवादांचे खंडनमंडन टीकाकारांनी पुष्कळ केले आहे. ते युक्तिवाद कापऱ्या अंगाने केलेले आहेत, याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष गेले. देह आधी डगमगला आणि बुद्धी त्या डगमगण्यासाठी कारणे शोधत मागून आली. ज्याने कधी रात्री दोन वाजता अंथरुणावर उठून बसून उद्याच्या दिवसाची काळजी केली आहे, त्याला हा क्रम ठाऊक असतो. छाती आधी धडधडते. कशाने धडधडते याची यादी नंतर तयार होते, आणि एकदा यादी करू लागले म्हणजे तिला तोटा नसतो.

अर्जुनाला मरणाचे भय होते असे कोणी म्हणणार नाही. त्याला चिंता होती: हातून काय घडेल, मागे काय उरेल, पाप कोणाच्या माथी बसेल. तरीही देहाने जी लक्षणे दाखविली ती वाघ समोर आल्यावर दिसावीत तीच होती. शरीराला वाघ आणि विचार यांतील भेद कळत नाही. दोहोंसाठी त्याच्यापाशी एकच सिद्धता आहे.

या सिद्धतेची फोड विसाव्या शतकातील शरीरशास्त्रज्ञांनी केली. अमेरिकेतील वॉल्टर कॅनन यांनी कुत्र्याच्या भुंकण्याने भ्यालेल्या मांजराच्या रक्ताची परीक्षा केली, तेव्हा मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या लहानशा ग्रंथींतून एक रस रक्तात उतरलेला त्यांना आढळला. त्याला आज ॲड्रिनालिन म्हणतात. 1915 साली त्यांनी भय, क्रोध, भूक व वेदना या अवस्थांतील शारीरिक पालटांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे तात्पर्य असे की, संकट जाणवताच देह लढण्यासाठी अथवा पळण्यासाठी सज्ज होतो. हृदय जोराने चालते, पोटाकडचे रक्त मांड्यांच्या व दंडांच्या स्नायूंकडे वळते, पचन थांबते, लाळ आटते, घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, त्वचेखालील बारीक स्नायू आखडून केस उभे राहतात. पुढील संशोधनाने आणखी एक गोष्ट दाखविली. मेंदूच्या खोल भागात बदामाएवढे एक केंद्र आहे, ते धोक्याची सूचना विचाराची वाट न पाहता देते. विवेक जागा होईपर्यंत पाय हलू लागलेले असतात.

मराठी भाषेने हे सर्व कोणत्याही प्रयोगशाळेवाचून नोंदवून ठेवले आहे. तोंडचे पाणी पळते म्हणजे लाळ आटते. पोटात गोळा येतो म्हणजे पचन थांबते. अंगावर काटा उभा राहतो, छातीत धस्स होते, हातपाय गळतात, डोळे पांढरे होतात, पायाखालची जमीन सरकते. ‘काळजी’ हा शब्दच ‘काळीज’ या शब्दापासून आला आहे. चिंतेचे ठिकाण देहात आहे हे भाषा करणाऱ्यांनी ओळखले होते. (पाचावर धारण बसणे हा वाक्प्रचार मात्र देहाचा नसून बाजाराचा आहे. धारण म्हणजे धान्याचा दर. महागाईने जी गाळण उडते तिचे ते नाव. खानदेशातील कापूसकऱ्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.)

येथवरचे विवेचन मान्य केले म्हणजे एक कठोर समजूत टाकून द्यावी लागते. भाविक मंडळींत, आणि खेदाची गोष्ट म्हणजे पंथीय मंडळींतही, असे बोलले जाते की ज्याला भय वाटते त्याची निष्ठा कच्ची. ज्याची झोप उडाली त्याचे नामस्मरण उणे पडले. एखादी सून सासरच्या घरात रात्र रात्र जागते, एखादा विद्यार्थी परीक्षेच्या दाराशी घामाघूम होतो, एखाद्या म्हाताऱ्याला डॉक्टरांचा कागद हाती घेताना कंप सुटतो, आणि कोणीतरी जाणते मनुष्य त्याला म्हणते, “देवावर विश्वास नाही का?” यामुळे आधीच भ्यालेल्या जीवावर दुसरे भय लादले जाते. पहिले संकटाचे असते, दुसरे स्वतःच्या अभक्तीचे. अशा बोलणाऱ्यांनी कुरुक्षेत्रावरील रथ डोळ्यांसमोर आणावा. अर्जुन कापत होता तेव्हा त्याच्यापासून हातभर अंतरावर साक्षात श्रीकृष्णचक्रवर्ती घोड्यांचे लगाम धरून बसले होते. परमेश्वराच्या इतक्या सन्निध असलेल्याची गात्रे गळाली. मग जामनेर तालुक्यातील एखाद्या वासनिकाची गळाली तर त्याच्या भक्तीचे माप काढण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो?

कंप हा देहाचा धर्म आहे. साधकाच्या परीक्षेचा प्रश्न दुसरा आहे: कापत असताना तो कोणीकडे वळतो?

लीळाचरित्रात एका सशाची लीळा आहे, ती या दृष्टीने पुन्हा पाहावी. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी वनात झाडातळी बसले असता पारध्यांनी सशामागे कुत्री सोडली. ससा धावत आला आणि स्वामींच्या जानूखाली शिरला. पारधी मागोमाग आले व त्यांनी आपली शिकार मागितली. शरण आलेल्याला स्वामींनी दिले नाही. उलट त्या पारध्यांनाच हिंसेचे स्वरूप समजावून दिले आणि ते शस्त्र टाकून निघून गेले. नंतर स्वामींनी जानू उचलली आणि त्या सशाला, एखाद्या थोर पुरुषाला द्यावा तसा आदराने निरोप दिला. महानुभाव घरांत ही लीळा लेकरांना दयेचा पाठ म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु सशाच्या बाजूने पाहिले तर तीत आणखी एक गोष्ट आहे. त्याचे काळीज फुटण्याच्या बेतात होते, तोंडाला फेस आला असेल, कान मागे पडले असतील. भयाचे एकही लक्षण त्याच्या देहातून कमी झालेले नव्हते. तरी त्याचे धावणे केवळ कुत्र्यांपासून दूर जाण्याचे उरले नाही, ते कोणाकडे तरी जाण्याचे झाले. भयाला स्वतःची दिशा नसते. ते एवढेच सांगते की येथून नीघ. कोठे जावयाचे हे त्याला ठाऊक नसते.

याच भागात घडलेली एक घटना ही गोष्ट फार दुःखद रीतीने दाखविते. जामनेरची मंडळी मुंबईकडे जावयाची तर पूर्वापार पाचोऱ्यास जाऊन मोठी गाडी धरीत. पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची लहान गाडी शतकभर चालून 2020 साली थांबली. ती इतकी संथ होती की तिच्याविषयी कोणाला भय वाटलेच नसेल. त्याच पाचोरा तालुक्यात, मोठ्या लोहमार्गावर, माहेजी व परधाडे या स्थानकांच्या दरम्यान 22 जानेवारी 2025 रोजी सायंकाळच्या सुमारास लखनौहून मुंबईस जाणारी पुष्पक एक्सप्रेस थांबली. डब्याला आग लागली अशी हाक उठली होती आणि साखळी ओढली गेली होती. भ्यालेले प्रवासी खाली उतरले. त्यांतील काही शेजारच्या रुळावर उतरले आणि त्याच रुळावरून बंगळुरूहून दिल्लीकडे जाणारी कर्नाटक एक्सप्रेस वेगाने आली. निदान 12 जणांचा प्राण गेला. त्यांत दूर नेपाळातून आलेलेही होते. गाडीला आग लागलेली नव्हती.

या मृतांना मूर्ख म्हणण्याचे पाप कोणी करू नये. डब्यात गर्दी असते, कोणीतरी ‘आग’ म्हणून ओरडते, पुढचा धावतो, मागचा लोटतो. अशा क्षणी देहाने जे करावयाचे ते त्या देहांनी केले. त्याच चपळाईने माणसाचे पूर्वज वणव्यांतून वाचले असतील. भयकाळी दृष्टी अरुंद होते, कान एकच आवाज ऐकतात, आणि शेजारच्या रुळाचा विचार करणारी बुद्धी मागे राहते. एकाचे भय दुसऱ्याच्या देहात शिरावयास शब्दाचीही गरज नसते, विस्फारलेले डोळे पुरतात. एवढेच लक्षात घ्यावे की ‘येथून नीघ’ ही आज्ञा मिळाली होती आणि ‘कोठे’ या प्रश्नाला उत्तर देणारे कोणी तेथे नव्हते. अशा गर्दीत एखादाच मनुष्य असा असतो की जो दाराशी हात आडवा धरून म्हणतो, “थांबा, आधी बाहेर पाहू द्या.” त्याचेही काळीज धडधडतच असते. तो निर्भय असतो म्हणून थांबत नाही. कोठेतरी, केव्हातरी त्याला थांबण्याची सवय लागलेली असते म्हणून थांबतो.

ही सवय संकटाच्या क्षणी लावता येत नाही. संन्यस्त साधकासाठी स्वामींनी जो आचार सांगितला, तो या अंगाने पाहिला तर फार अर्थपूर्ण वाटतो. नित्य अटन करावे, झाडाच्या मुळाशी वसावे, भिक्षेचे अन्न सेवावे, विजनात एकट्याने बसावे. आज निजावयास कोठे मिळेल ठाऊक नाही, झोळीत काय पडेल ठाऊक नाही, दार उघडेल की कुत्रे अंगावर येईल ठाऊक नाही. वैराग्य हा त्याचा हेतू आहेच. पण त्याबरोबर अनिश्चितता रोज थोडीथोडी अंगी मुरविण्याचा तो अभ्यासही आहे. अनोळखी रात्र पहिल्या महिन्यात खावयास उठते, बाराव्या महिन्यात ती नुसती रात्र असते. भयाने पछाडलेल्या रुग्णाला आजचे मानसोपचारक ज्या गोष्टीचे भय वाटते तिच्या समोर पायरीपायरीने नेतात. पळून गेल्याने भय वाढते आणि थांबून पाहिल्याने ते विरते, हे त्यांच्या अनुभवाचे सार आहे. गृहस्थाला अटन-विजन साधणार नाही. परंतु ज्या घरी जाण्याची लाज वाटते तेथे जाऊन येणे, जे पत्र फोडण्याचे धैर्य होत नाही ते दिवसाउजेडी फोडणे, एवढे त्यालाही साधते.

आतापर्यंत जे भय सांगितले ते क्षणाचे होते. कुत्री निघून गेली आणि ससा गवतात परतला. पशूचे भय बहुधा कारणाबरोबर सरते. त्याचे रक्त निवळते, तो चरू लागतो. मनुष्याची कुत्री दिसेनाशी झाली तरी भुंकत राहतात. जामनेरच्या परिसरात, कांग व वाघूर या नद्यांच्या दोहों अंगांना, मृगात कापूस लावल्यापासून शेवटची वेचणी होईपर्यंत शेतकऱ्याच्या घरात जे वातावरण असते ते पाहावे. पाऊस लांबला तर दुबार पेरणी, अति झाला तर मूळकूज, निभावले तर बोंडअळी. 2017 साली गुलाबी बोंडअळीने साऱ्या महाराष्ट्रात कपाशीची बोंडे आतून पोखरली तेव्हा बाहेरून हिरवे दिसणारे शेतही धीर देईनासे झाले. त्यावर पीककर्ज, भाव, मुलीचे लग्न, मुलाची फी. यांतील एकही वाघ समोर उभा राहून गुरगुरत नाही. लढावे कोणाशी आणि पळावे कोठे? देह मात्र लढण्यापळण्याची सामग्री रोज रक्तात सोडीत राहतो. ॲड्रिनालिन ओसरले तरी कॉर्टिसोल नावाचा दुसरा रस दीर्घकाळ चढा राहतो. मग झोप तुटते, अन्न आंबते, रक्तदाब चढतो, मान व पाठ आखडते, घरच्या माणसांवर कारणावाचून आवाज चढतो. जो मनुष्य ‘मला काही झालेले नाही’ असे म्हणतो त्याचे दुखणे त्याच्या पोटावरून ओळखावे.

अशा लांबलेल्या चिंतेत मनुष्य आधार शोधत दहा दारी जातो. कोणी ताईत बांधतो, कोणी गंडा देतो, कोणी नवस बोलावयास लावतो, कोणी पत्रिका पाहून ग्रहाची शांती सांगतो. अर्जुनाला विपरीत शकुन दिसले ते याच अवस्थेत, हे विसरू नये. भ्यालेल्या डोळ्यांना शकुन दिसतात आणि शकुन सांगून पोट भरणाऱ्यांना भ्यालेले डोळे दिसतात. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न आहेत, आणि देवता आपल्या मर्यादेत फळ देते पण जीवाचे बंध तोडीत नाही, हा सिद्धान्त स्वामींनी निरूपिला आहे. तो वादसभेपुरता नाही. दहा दारी गेलेल्या भयाला दहा नवी भये चिकटतात: नवस फेडला का, वार मोडला का, ताईत सुटला का. अनन्यतेचा एक व्यवहारी लाभ असा की कापत्या पायांना वाट निवडावी लागत नाही.

त्या वाटेचे नाव स्मरण. नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा यांचे स्मरण पंथात सांगितले आहे. भयाचा घाला प्रथम स्मृतीवर पडतो; ओठावर असलेले नाव आठवत नाही, हाती असलेली किल्ली सापडत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात बुद्धिनाशाच्या आधीची पायरी स्मृतिभ्रंश ही सांगितली आहे, आणि अठराव्या अध्यायाच्या अखेरीस मोह गेल्याची खूण म्हणून अर्जुन प्रथम स्मृती परत लाभल्याचे सांगतो. म्हणून जो रोज, काही संकट नसताना, एखादी लीळा आरंभापासून शेवटपर्यंत मनात उभी करतो (झाड, सावली, जानू, धापा टाकणारा ससा), तो स्मृतीला एक पायवाट पाडून ठेवीत असतो. अंधारात पाय तेथे आपोआप वळतात.

स्मरणाबरोबर श्वास मंदावतो, हेही खरे आहे. 2001 साली इटलीतील बर्नार्डी या वैद्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना व बौद्ध मंत्र यांची तपासणी केली, तेव्हा दोहोंच्या उच्चारात श्वासाची गती मिनिटाला सुमारे 6 इतकी उतरते व हृदयाची लय सुधारते असे त्यांना दिसले. सावकाश सोडलेल्या निःश्वासाने हृदयाला विसावा देणारी मज्जा जागी होते, हे त्याचे कारण. भयाचा झटका आल्यास उच्छ्वास लांबवून नाम घ्यावे हा उपाय कोणालाही करता येईल. परंतु तो श्वासाचा गुण आहे, आणि तो कोणत्याही धर्माच्या माळेला मिळतो. रक्तदाब उतरावा म्हणून परमेश्वराचे नाव घेणे म्हणजे चुलीत घालण्यासाठी चंदन तोडणे होय. सरपण मिळेल, पण चंदन कशासाठी होते हा प्रश्न मागे राहील.

श्रीकृष्णांनी अर्जुनाच्या कंपाला काय उत्तर दिले, तेही पाहण्यासारखे आहे. आरंभी त्यांनी त्याला कडक शब्दांत टोचले. त्या टोचण्याने अर्जुन उठला नाही. त्याने पुन्हा आपले दुःखच मांडले. तो शिष्य होऊन शरण आला तेव्हाच निरूपणाला आरंभ झाला. पुढे अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून तो पुन्हा भयभीत झाला, एवढे ज्ञान ऐकल्यानंतरही. त्या वेळी देवांनी नवा सिद्धान्त सांगितला नाही. ते रूप आवरले, सौम्य मानुष रूप धारण केले आणि भ्यालेल्याला आश्वासन दिले. ते मानुष रूप पाहिल्यावर आपण भानावर आलो, आपल्या मूळ स्वभावात आलो, असे अर्जुन स्वतःच म्हणतो. भ्यालेल्या जीवाला पुष्कळदा सिद्धान्तापेक्षा ओळखीचा चेहरा आधी लागतो.

तो चेहरा शेजाऱ्याचा असू शकतो, आश्रमातील साधूचा असू शकतो, वैद्याचाही असू शकतो. मनाच्या दुखण्याला औषध घेणे हे अनन्य भक्तीच्या विरुद्ध आहे असे मानणाऱ्याने ताप आल्यावर गोळी का घेतली याचे उत्तर द्यावे. 2022 पासून शासनाची टेलि-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर मिळते आणि तेथे मराठीतही बोलता येते. आश्रमाच्या फलकावर उत्सवाच्या तिथींशेजारी हा क्रमांक लिहून ठेवण्यास काही अडचण नसावी. भडगाव तालुक्यातील कनाशीच्या स्थानवंदनास जाणाऱ्या मंडळींत एखादा गृहस्थ वाटेत जेवत नाही, हसत नाही, रात्री सगळे निजले तरी ओसरीवर बसून असतो. त्याला उपदेश करावयास जाऊ नये. जवळ जाऊन बसावे, पाण्याचा तांब्या पुढे करावा आणि शेतीचे, कर्जाचे, घरचे जे असेल ते त्याच्या तोंडून, त्याच्या क्रमाने बाहेर पडू द्यावे. अर्जुनाचे हे दुःखाचे बोलणे पहिल्या अध्यायाच्या अखेरीपर्यंत चालले होते आणि श्रीकृष्णांनी मध्ये एक शब्दही घातला नव्हता.